सुगिनोयात केस धुण्याचा दिवस

१

ओतोसेला चौकशा करणाऱ्या माणसांचा भारी वैताग यायचा, आणि तिच्या धंद्यात नेमकी तीच माणसं वाट्याला येत. केस विंचरून घ्यायला बसलेल्या बाईची मान अडकलेली असते, हात मोकळे असतात आणि समोर भिंत असते. मग चालवायला उरतं काय, तर तोंड. योशिवारातल्या सुगिनोया नावाच्या घरात ओतोसे रोज सकाळी अशा बायकांच्या मागे गुडघे टेकून बसायची. एकीचं डोकं झालं की दुसरी. दुपारी रस्त्याकडच्या लाकडी जाळीमागे त्या सगळ्या ओळीने बसणार, गिऱ्हाइकं बाहेरून न्याहाळणार, आणि एखादीचा अंबाडा तिरका दिसला की बोलणी ओतोसेला बसणार.

योशिवारा ही सरकारी परवान्याची वस्ती. भोवती काळ्या पाण्याचा खंदक आणि आत-बाहेर करायला एकच मोठा दरवाजा. पुरुषाला तिथे कोणी हटकत नसे. बाईचं तसं नव्हतं. आतल्या बाईला बाहेर पडायची बंदी, म्हणून बाहेरून कामाला येणाऱ्या बाईने दाराजवळच्या चहाच्या दुकानातून शिक्क्याची चिठ्ठी घ्यायची, दिवसभर कमरपट्ट्यात जपायची आणि जाताना चौकीवर परत द्यायची. चिठ्ठी नाही तर बाहेर जाणं नाही. ओतोसे कित्येक वर्षं हे करत होती आणि रोज न चुकता त्या पद्धतीला नावं ठेवत होती.

"माझं तोंड बघून ओळखता येत नाही होय तुम्हाला?" ती चौकीवरच्या तोकुझोला म्हणे.

"तोंडाचं मला काय सांगतेस? मला शिक्का दाखव," म्हातारा तोकुझो म्हणे.

मग ती त्याच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करी, तो कुरकुर करी, आणि ती घरी जाई. इमादोत तिचं घर होतं. नवरा गेन्शिची कौलांच्या भट्टीवर कामाला, आणि सात वर्षांची मुलगी फुमी. घर म्हणजे एकच खोली. चाळीतली, भट्टीच्या धुराने काळी पडलेली. पण दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यांमागे बसून झालं की ओतोसेला त्या खोलीशिवाय दुसरं काही नको असायचं.

चौकशा करणाऱ्यांमध्ये सगळ्यात चिवट होती मिझुए. लहानपणीच इथे आलेली. गाव कुठलं, आई कशी, काही आठवत नाही म्हणायची.

"ओतोसेताई, तुमची चूल कुठल्या अंगाला?"

"चुलीच्या जागी."

"असं काय हो! दारातून आत गेलं की डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे. हलू नकोस."

"आणि फुमी उठल्या उठल्या काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. नाक पुसते माझ्या बाहीला."

"कुठल्या? उजव्या की डाव्या?"

ओतोसेच्या डोक्यात तिडीक जायची. पण तिचा अनुभव असा, की उत्तर टाळलं तर मिझुए आणखी खनपटीला बसते, आणि उत्तर दिलं की निदान दोन फण्या फिरेपर्यंत गप्प राहते. म्हणून ती सांगून टाकायची. चपला कुठे काढते, भात कोणाला आधी वाढते, नवऱ्याशी भांडण झालं की कुठल्या कुशीवर झोपते. ह्यातलं कशाला काय मोल आहे, असं तिला कधी वाटलंच नाही.

२

त्या सकाळी ओतोसे घुश्शातच आली होती. रात्री फुमीला ताप भरला होता. जरा कुठे पोरीचा डोळा लागावा, तर गेन्शिची बाहेर जायला निघाला आणि दार खडखडलं. त्या सरकत्या दाराची खोबण फुगली होती; उचलून, खांदा लावून ढकलल्याशिवाय ते हलत नसे, आणि हललं की सगळी चाळ जागी होई. नवरा शरद ऋतूपासून ते दुरुस्त करतो म्हणत होता.

हे सगळं ती केस विंचरता विंचरता बोलली. मिझुएचेच केस होते हातात.

"खोबणीला मेण लावायचं," मिझुए म्हणाली.

"लावणार कोण? मी इथे, ते भट्टीवर."

पुढ्यातल्या डबीतून केसांचं मेण बोटावर घेऊन मिझुए नुसती चोळत बसली.

संध्याकाळी ओतोसे घरी पोचली. हातातली पोटली काखेत धरून तिने सवयीने दाराला खांदा लावला आणि तोंडावर पडता पडता वाचली. दार आवाज न करता सर्रकन सरकलं होतं.

"अगं, हळू!" आतून गेन्शिची म्हणाला. "मेण लावलंयस ना आता? मग कशाला धडका मारतेस?"

"मी कधी लावलं?"

"दुपारी."

"दुपारी मी योशिवारात होते."

"मी जेवायला आलो तेव्हा इथे दारात उकिडवी बसून बोटाने मेण चोळत होतीस. मी विचारलं, आज लवकर कशी? तर म्हणालीस, फुमीसाठी आले." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू नाही तर कोण, मांजर?"

ओतोसेने कपाळाला हात लावला. हा माणूस भट्टीवरून येतो तो धुराने डोळे चुरचुरत असलेला. शेजारच्या ओनाकाबाईला तो बायको समजला असणार. ओनाका पोरीवर लक्ष ठेवायला दिवसभर येऊन-जाऊन असायची. तिनेच बिचारीने दार नीट केलं असणार. उद्या तिला काहीतरी नेऊन द्यावं, असं ठरवून ओतोसे दिवा लावायला वाकली. दाराजवळ लवंगांचा वास येत होता. तिने खोबणीत बोट फिरवून नाकाशी नेलं. केसांचं मेण होतं ते, लवंगा घातलेलं. सुगिनोयात वापरतात तसलं.

तिच्याच हातांना तो वास होता, दिवसभर. असायचाच.

३

दुसऱ्या दिवशी दरवाज्यातून आत जाताना तोकुझो म्हणाला, "काय विसरलीस?"

"कुठे काय विसरले?"

"मघाशी आत गेलीस, म्हणून म्हटलं."

"काका, आत्ता येतेय मी. ही बघा चिठ्ठी, शाई वाळली नाहीये अजून."

तोकुझोने चिठ्ठी पाहिली, मग तिला पाहिलं, आणि गुडघा चोळत चौकीत जाऊन बसला. म्हातारपण, ओतोसे मनाशी म्हणाली, आणि पुढे निघाली. आधीच उशीर झाला होता. फुमीचा ताप हटत नव्हता.

सुगिनोयाच्या माडीवर बायका तयार बसल्या होत्या. अगदीच तयार. सगळ्यांची डोकी झाली होती.

"हे कोणी केलं?" ओतोसेने विचारलं.

घरातल्या बायकांवर देखरेख करणारी ओकुमा कोपऱ्यात चिलीम ओढत होती. पन्नाशीची, जाड भुवयांची, जाळीमागे बसण्यापासून सुरुवात करून इथवर आलेली. "कोणी म्हणजे? तूच," ती म्हणाली.

"मावशी, माझी थट्टा करायचा हा दिवस नाही. पोरगी तापाने फणफणलीय घरी."

"तेच सांगत होतीस मघाशी. पोरगी आजारी म्हणून लवकर आले, लवकर जाते. आणि गेलीस. आता परत येऊन माझं डोकं खाऊ नकोस."

ओतोसेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा धंदा कोणीतरी पळवत होतं, हे उघड होतं. नाक्यापलीकडची ती केसवाली ओकान. तिचा ह्या घरावर बरेच दिवस डोळा होता. एकीला खसकन जवळ ओढून ओतोसेने अंबाड्याखालची कागदी दोरी बघितली, ओकानचा ढिसाळ हात सगळ्यांना दाखवून द्यावा म्हणून.

दोरी डावीकडे पिळलेली होती.

लहानपणी ओतोसेचा उजवा अंगठा मोडून वाकडा बसला होता. त्यामुळे दोरीला पीळ ती डावीकडून घालायची. सगळ्या योशिवारात डावा पीळ घालणारी ती एकटी. तिने दुसरीचं डोकं पाहिलं, तिसरीचं पाहिलं. सगळीकडे डावा पीळ, आणि शेवटी दोरीचं टोक आत खुपसायची तिची ती खास चलाखी.

नक्कल करता येते, तिने स्वतःला बजावलं. हात बघून बघून शिकता येतो. तीही तशीच शिकली होती.

खिडकीजवळ मिझुए बसली होती. तिचेच तेवढे केस मोकळे होते.

"पाठ कर," ओतोसे म्हणाली. निदान एक डोकं तरी करून जाऊ. ती विंचरत राहिली. बराच वेळ गेला आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीतरी चुकल्यासारखं होतंय. खोली शांत होती.

"आज काही विचारायचं नाही वाटतं?" ती चिडवल्यासारखं म्हणाली.

"नाही," मिझुए म्हणाली. "झालं सगळं विचारून."

४

त्यानंतरचा दिवस केस धुण्याचा. महिन्यातून एकदा तो यायचा, आणि ओतोसेच्या नाकीनऊ आणायचा.

ती जाणारच नव्हती. फुमीने रात्रभर तळमळून काढली होती. पहाटे तिने आईची बाही मुठीत धरली ती सोडेना. पण केस धुण्याच्या दिवशी दांडी मारली तर ओकुमा दुसरीला बोलावणार आणि मग कायमचंच काम जाणार. "उजेड असतानाच येते," ओतोसेने मुलीच्या कानाशी सांगितलं, एकेक बोट उलगडून बाही सोडवली आणि ओनाकाबाईला पोरीजवळ बसवलं. वाटेत तिने देवापासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना शिव्या दिल्या.

सुगिनोयाच्या मागच्या अंगणात मोठमोठ्या कढयांतून पाणी उकळत होतं. समुद्रशेवाळाचा चिकट काढा, त्यात पीठ, आणि त्या वासाने भरलेली वाफ. माडीवर, जिन्यात, ओसरीत, जिथे बघावं तिथे केस. एरवी कोण मानाची, कोण हलकी, हे डोक्यावरून कळायचं. आज सगळ्या एकसारख्या पांढऱ्या सुती कपड्यात, पाठमोऱ्या, आणि पाठीवरून जमिनीपर्यंत ओले काळे केस. एकीला हाक मारावी तर दुसरीच वळायची. काही वळायच्याच नाहीत.

"ओतोसे, इकडे!"

"ओतोसेताई, माझं आधी!"

"आले! दोनच हात आहेत मला!"

दुपार कलली तेव्हा शेवटची दोन-तीन डोकी उरली होती. आता निघता येईल असं वाटत होतं तोच जिन्यात कोणाचा तरी धक्का लागला आणि कढत नाही तरी चांगल्या कोमट पाण्याची बादली ओतोसेच्या डोक्यावर रिकामी झाली. तिचा साधा, संसारी बाईचा गोल अंबाडा सुटून तोंडावर आला. ती तिथेच पायरीवर बसली. रडावं की कोणाला तरी मारावं, तिला कळेना.

"ओल्या डोक्याने जाऊ नका ताई, पोरीला थंडी द्याल," मागून मिझुए म्हणाली. "या. मी पुसून बांधून देते. तुम्ही रोज आमचे करता."

ओतोसेचे केस लग्नानंतर दुसऱ्या कोणी बांधले नव्हते. दोन रात्रींचं जागरण होतं. माडीवरच्या खोलीत तिला बसवून मिझुएने फणी घातली, आणि त्या हाताला इतकी सवय होती, कुठे गुंता आहे ते इतकं माहीत होतं, की ओतोसेला बसल्या बसल्या डुलकी लागली.

तिला जाग आली तेव्हा कागदी खिडकी तांबूस झाली होती. खोलीत कोणी नव्हतं. तिच्या डोक्याला टॉवेल घट्ट गुंडाळून गाठ मारलेली होती. कंगव्यांची पेटी दिसेना. "उजेड असतानाच येते" हे तिचेच शब्द तिला आठवले, आणि पेटी उद्या बघू म्हणून ती धावत सुटली. डोकं फार जड लागत होतं. ओले केस जडच लागतात.

५

"टॉवेल काढ," तोकुझो म्हणाला.

"काका, मी ओतोसे. आज नको हो."

"झाकल्या डोक्याच्या बाईला सोडायचं नाही, हा नियम. आणि चिठ्ठी."

तिने कमरपट्ट्यात हात घातला. चिठ्ठी नव्हती. पट्टा सोडून झटकला, बाह्या उलट्या केल्या. नव्हती.

"पडली असेल कुठेतरी. उद्या दोन देते. मला जाऊ द्या, मुलगी आजारी आहे."

"ओतोसे गेली," तोकुझो म्हणाला. "मघाशीच. ही तिची चिठ्ठी, खिळ्याला लावलीय."

"मी इथे उभी आहे!"

"ती गेली तेव्हा मी तिच्याशी बोललो. माझा गुडघा कसा आहे विचारलं तिने."

"मी सकाळी विचारलं की!"

"तिनेही विचारलं."

ओतोसेने हात टेकले. तिने डोक्यावरचा टॉवेल ओरबाडून काढला. "बघा! नीट बघा, आणि मग बोला."

तोकुझोने पाहिलं, आणि त्याचा चेहरा बदलला. ओतोसेने डोक्याला हात लावला. गोल अंबाडा नव्हता. मागे उंच चढवलेले, दोन्ही बाजूंना फुलवलेले केस, मेणाने घट्ट बसवलेले. सुगिनोयाच्या जाळीमागे बसणाऱ्या बायकांचे. बाहेरच्या कुठल्याही बाईने मेली तरी तसे केस बांधले नसते.

"हे त्या भवानीने केलंय!" ती ओरडली. "अहो, माझ्या भुवया बघा. लेकुरवाळ्या बाईच्या भादरलेल्या भुवया आहेत का नाहीत? जाळीमागच्या बायका भादरतात होय?"

"वस्तरा काय फक्त इमादोतच मिळतो?" चौकीवरचा दुसरा, बुन्पेई, हसून म्हणाला.

तोकुझो हसला नाही. त्याने कंदील वर धरला, तिच्या कपाळाकडे बराच वेळ पाहिलं आणि कंदील खाली केला.

"दिसतेस थोडी तिच्यासारखी," एवढंच तो म्हणाला. "पण एका चिठ्ठीवर दोन बायका सोडल्या तर माझी मान जाईल, पोरी. ओकुमाबाईंना बोलावू दे."

६

ओकुमा आली ती धापा टाकत. सुगिनोयात पळापळ सुरू झाली होती. मिझुए कुठे सापडत नव्हती.

हे ऐकलं आणि ओतोसेच्या जिवात जीव आला. इतका, की तिला हसू फुटलं. सगळं लख्ख झालं. ती कार्टी महिनोन्‌महिने चौकशा करत होती ती ह्याचसाठी. हात शिकून घेतला, बोलणं शिकून घेतलं, आज सगळ्यांचे केस मोकळे असण्याचा मोका साधला, पेटी उचलली, चिठ्ठी उचलली, आणि ओतोसे बनून दरवाज्यातून चालती झाली.

"पळालीय ती, मावशी! माझं नाव सांगून पळालीय! आणि हे म्हातारबुवा तिला गुडघा दाखवत बसले!"

ओकुमाने तिच्याकडे पाहिलं, पण डोळ्यांत पाहिलं नाही. "बुन्पेई, इमादोला जा," ती म्हणाली. "हिच्या घरी. काय आहे ते बघून ये."

इमादो काही लांब नव्हतं. ओतोसेला चौकीच्या मागच्या खोलीत बसवलं. बाहेर दिवे लागत होते. सुगिनोयाच्या बाजूने तंतुवाद्याचे सूर सुरू झाले. जाळीमागे बायका बसायची वेळ झाली की ते वाजायचं. एकच गत, पुन्हा पुन्हा. ओतोसे ऐकत होती आणि मनात मिझुएला काय काय ऐकवायचं ते जुळवत होती. तिला चोरीचं एवढं वाटत नव्हतं. अंधार पडला होता आणि फुमी दाराकडे बघत असणार होती, त्याने तिचा जीव कासावीस होत होता.

वैतागून तिने कपाळ चोळलं. बोटांना काहीतरी लागलं. तिने पुन्हा बोट फिरवलं, हळूच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मऊ, दाट, कोरून नीट केलेली भुवई.

फुमीच्या आजारपणात वस्तरा फिरवायला वेळ झाला नव्हता, हे खरं होतं. दोन दिवस. का तीन. तेवढ्यात केस येतातच की. तिने हात मांडीखाली दाबून धरला आणि परत कपाळाला लावला नाही.

७

बुन्पेई परत आला तो दारातच उभा राहिला.

"ओतोसे घरी आहे," तो ओकुमाला म्हणाला. "तिनेच दार उघडलं."

"ती मिझुए आहे!" ओतोसे उठून उभी राहिली.

"मिझुएला मी रोज जाळीमागे बघतो, बाई. ती नव्हती. केसवाली ओतोसेच होती. नवरा तिथेच जेवत होता, त्यालाही विचारलं. तो माझ्यावरच डाफरला. शेजारीण होती, ती म्हणाली, आज ही वेळेवर आली म्हणून मी सुटले. पोरगी हिच्या... तिच्या मांडीवर झोपली होती. बाही मुठीत धरून."

"मग मी कोण?" ओतोसेने विचारलं.

बुन्पेईने ओकुमाकडे पाहिलं. ओकुमाने तोकुझोकडे. तोकुझो गुडघ्याकडे बघत बसला.

"आणखी एक," बुन्पेई म्हणाला. "ती म्हणाली, घाबरू नका म्हणावं, उद्या सकाळी वेळेवर येते."

ओकुमाने ओतोसेच्या दंडाला धरलं. ओतोसेने हिसडा दिला, तोंडाचा पट्टा सोडला, कोणाला काय काय म्हणाली ह्याला सुमार राहिला नाही. तिने ओकुमाला तिची जुनी दुखणी सांगितली, चौकीवरच्यांना त्यांच्या बायकांची नावं सांगितली. दुसऱ्या कोणाला हे ठाऊक असतं का, म्हणून विचारलं. ओकुमाने सगळं ऐकून घेतलं.

"मिझुएने केस विंचरून घेताना ओतोसेकडून सगळं काढून घेतलेलं असणार," ती म्हणाली. "चौकस पोरगी. आता ऐक. आमच्या घरातली एक पळाली असं मी मालकांना सांगितलं तर आधी मला सोलतील, मग ह्या म्हाताऱ्याला. पण कोणी पळालेलंच नाही. बाहेरची एक आत आली होती, ती बाहेर गेली. आतल्या जितक्या होत्या तितक्याच आहेत. मोजून घे."

"मावशी, तुम्हाला दिसतंय मी कोण आहे ते. तुम्हाला दिसतंय!"

"मला काय दिसतं ते कोण विचारतंय?" ओकुमा म्हणाली. "मिझुए हे नाव घराचं आहे. हिच्या आधी एक मिझुए होती, तिच्याही आधी होती. नाव रिकामं ठेवत नाहीत."

"माझी मुलगी तापात आहे हो."

ओकुमाचा हात जरा सैल झाला. इतक्या वर्षांत ओतोसेने तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"सगळ्याच असं काहीतरी सांगतात गं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी."

८

सकाळी माडीवर बायका ओळीने बसल्या होत्या. ओतोसेला खिडकीजवळ बसवलं होतं. समोर भिंत होती. शेजारची तिला मिझुएताई म्हणाली, सहज, पाणी पुढे करताना, आणि ओतोसेने ते पाणी घेतलं, कारण रात्रभर ओरडून तिचा घसा बसला होता.

जिना वाजला. पेटी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. एकेका डोक्याशी फणी फिरत, ओकुमाशी दोन शब्द होत, कोणाला तरी रागावत, ते माणूस ओळीतून जवळ येत होतं. ओतोसे वाट बघत होती. तिने ठरवलं होतं: फणी केसांत शिरली की वळायचं, मनगट धरायचं, तोंड सगळ्यांसमोर उजेडात ओढायचं आणि घर डोक्यावर घ्यायचं. काय बोलायचं त्याचा शब्द न्‌ शब्द तयार होता.

कोणीतरी मागे गुडघे टेकले. फणी केसांत शिरली.

"फुमीचा ताप?" ओतोसेच्या तोंडून निघालं.

फणी थांबली.

"उतरला," मागून आवाज आला. तो आवाज ओतोसेला आतून माहीत होता, बाहेरून तिने तो कधी ऐकला नव्हता. "पहाटे घाम आला आणि उतरला. पेज मागून घेतली तिने."

ओतोसेला वळता आलं नाही. तिला फार हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटल्याची तिला भयंकर भीती वाटली. शेजारच्या बाईने तेवढ्यात आपला आरसा सारखा करायला घेतला. तो तिरका झाला, आणि क्षणभर त्यात मागचं तोंड आलं. भुवया भादरलेल्या. ओठांच्या कडेला तीच जुनी सुरकुती. पण त्या तोंडावर जे समाधान होतं, तृप्त, भरपूर जेवून उठल्यासारखं, ते ओतोसेच्या तोंडावर कधी आलेलं तिला आठवेना. आरसा सरळ झाला आणि त्यात शेजारणीचा कान दिसू लागला.

"खोकला आहे अजून?" ओतोसेने भिंतीला विचारलं.

"आहे थोडा."

"ती पांघरूण लाथाडते. बघावं लागतं उठून."

"ठाऊक आहे," मागची बाई म्हणाली, आणि आता पहिल्यांदाच त्या आवाजात वैताग आला. "रात्रभर जागलेय मी तिच्यापाशी. तू आता हलू नकोस बघू. मला लवकर घरी जायचंय."